‘लॉन’ म्हणजे हिरवळ की कापड?

बागेतील गवताला लॉन म्हणतात आणि एका तलम कापडालाही लॉनच म्हणतात, तेव्हा या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते येथे एकाच शब्दाचे दोन अर्थ नसून, इंग्रजीत योगायोगाने एकसारखे झालेले दोन निरनिराळे शब्द आहेत.

गवताचे लॉन जुन्या फ्रेंचमधील ‘लांद’ या शब्दावरून आले. त्याचा अर्थ झुडपांचे माळरान असा होता. इंग्रजीतही आरंभी रानातील मोकळ्या जागेलाच हा शब्द लावत, आणि मुद्दाम कापून एकसारखे राखलेले गवत हा अर्थ अठराव्या शतकात रूढ झाला. म्हणूनच ‘हिरवळ’ हा प्रतिशब्द मला पुरता पटत नाही, कारण हिरवळ पावसाबरोबर आपसूक उगवते, लॉन मात्र राखावे लागते.

कापडाच्या नावाचे मूळ बहुधा उत्तर फ्रान्समधील लाँ या शहरात आहे. हे कापड पूर्वी जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे असे. आता ते बहुतकरून सुती असते. सूत बारीक, वीण साधी आणि स्पर्श मऊ असला तरी किंचित करकरीत, ही त्याची ओळख. इंग्लंडमधील बिशपांच्या झग्याच्या घोळदार बाह्या याच कापडाच्या असत, त्यामुळे ‘लॉनच्या बाह्या’ म्हटले की बिशपपद असाच अर्थ घेतला जाई.

मूळ वेगळे असले, तरी कापडाचे गवतावर एक ऋण आहेच. लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारे गिरणीतील यंत्र पाहून एडविन बडिंग या इंग्रज कारागिराला गवत कापण्याचे यंत्र सुचले आणि 1830 मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. (अर्थात ते कापड लोकरी होते, लॉन नव्हे.)

‘लॉन टेनिस’ हे नाव, भिंतींच्या आत खेळल्या जाणाऱ्या जुन्या टेनिसहून हा खेळ वेगळा आहे हे सांगण्यासाठी पडले. विम्बल्डनची पहिली स्पर्धा 1877 मध्ये झाली. पुढे हा खेळ माती आणि सिमेंटवरही रुळला, आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1977 मध्ये, आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या नावातून ‘लॉन’ गाळले.

खरा अर्थविस्तार प्रयोगशाळेत दिसतो. काचेच्या बशीत जिवाणूंचा सलग थर वाढला की त्यालाही लॉन म्हणतात. जिवाणूंना मारणारे विषाणू त्यावर सोडले, तर त्या थरात जागोजागी स्वच्छ ठिपके पडतात, आणि ते मोजूनच विषाणूंच्या संख्येचा अंदाज बांधतात.