माळ्यावरचा झिप ड्राइव्ह टक-टक करतो, डिस्क उघडत नाही. काय करावं?

आधी एक विनंती. त्या ड्राइव्हमध्ये आता आणखी एकही डिस्क घालू नका. तुम्ही लिहिलंय की मालवणच्या घरी वडिलांचा डीटीपीचा (छपाईसाठी मजकूर जुळवण्याचा) कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला, झिप ड्राइव्ह (फ्लॉपीसारख्या, पण जास्त डेटा मावणाऱ्या डिस्का वाचणारं जुनं यंत्र) जोडला, तर तो नुसता टक-टक करत राहतो, आणि उरलेल्या सात डिस्का अजून घालून बघायच्या आहेत. वडिलांचं काम त्या सात डिस्कांत आहे. ड्राइव्ह दुसरा मिळेल.

झिपची डिस्क मिनिटाला २९०० हून जास्त फेरे घेते आणि तिच्या वर-खाली डेटा वाचणारी दोन नाजूक हेड कडेने आत सरकतात. वाचता आलं नाही की ड्राइव्ह हेड मागे ओढतो आणि पुन्हा आत सोडतो, तोच हा आवाज. डिस्क घातल्यावर एक-दोनदा झाला तर घाबरू नका. थांबतच नसेल तर मात्र हेड बिघडलेलं असण्याची शक्यता मोठी. असं हेड डिस्कची कड फाडतं, आणि ती फाटकी कड पुढच्या चांगल्या ड्राइव्हचं हेड मोडते. मी रत्नागिरीत एकाच्या लग्नपत्रिकांच्या डिस्का काढून देत होतो, तेव्हा घाईने अशीच एक डिस्क दुसऱ्या ड्राइव्हला लावली. दोन्ही ड्राइव्ह गेले, डिस्कही गेली. ते अजून सलतं, म्हणून इतकं कळवळून सांगतोय.

अडकलेली डिस्क ओढू नका. वीज पूर्ण बंद करा. ड्राइव्हच्या मागे बारीक भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप दाबली की डिस्क बाहेर येते.

मग प्रत्येक डिस्क खिडकीपाशी उजेडात धरा. पत्र्याची झडप बोटाने सरकवा, खालची धातूची चकती हळूहळू फिरवा आणि आतल्या काळ्या गोल फितीची कड सगळीकडून बघा. फितीला बोट लावू नका. कड चिरलेली, दुमडलेली दिसली तर ती डिस्क वेगळी ठेवा. दुसरं बघायचं ते बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात चपलांना, पुस्तकांना जी धरते तीच इथेही पांढुरक्या ठिपक्यांसारखी दिसते. फ्लॉपीचं कव्हर कापून आतली फीत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, मी पुसल्या आहेत. झिपवर हा प्रयोग करू नका. बुरशीची झिप डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. उन्हात वाळवणं किंवा हेअर ड्रायर तर नकोच.

डिस्का चांगल्या निघाल्या, तरी ड्राइव्हला लगेच दोषी धरू नका. अडॅप्टर ५ व्होल्टचा असतो. इतक्या वर्षांत तो कमजोर झालेला असू शकतो, म्हणून ड्राइव्ह चालू असताना मल्टीमीटरने मोजा. खाऱ्या हवेने जोडणीच्या पिना हिरवट झाल्या असतील तर त्याच अल्कोहोलने पुसा. आणि मागे ‘५’ आणि ‘६’ असे आकडे लिहिलेली खटकी असेल तर तो स्कझीचा (SCSI, जोडणीची एक जुनी पद्धत) ड्राइव्ह आहे. त्याचं २५ पिनांचं सॉकेट प्रिंटरच्या केबललाही बसतं, पण तो प्रिंटर पोर्टला कधीही जोडू नका.

मी तुमच्या जागी असतो तर जुना ड्राइव्ह तसाच ठेवून वापरलेला यूएसबीचा १०० किंवा २५० एमबीचा झिप ड्राइव्ह घेतला असता. आधी त्यात बिनकामाची डिस्क घालून तो तपासायचा, मगच वडिलांची. झिपला फ्लॉपीसारखी राइट-प्रोटेक्टची (डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये म्हणूनची) खिटी नसते, त्यामुळे विंडोजने काही विचारलं तर ‘फॉरमॅट’ला हो म्हणू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू (ddrescue) या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा, आणि फाइली त्या इमेजमधून उघडा.

त्या फाइलींत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर डिस्क खराब झाली असं समजू नका. त्या काळचं डीटीपी युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत) नव्हतं, मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टवर अवलंबून असे. म्हणून तो जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्याच्या हार्ड डिस्कवरचं फॉन्टचं फोल्डर नक्की उतरवून घ्या.