नातू ३५ आठवड्यांतच झाला, जन्मताच धाप लागली म्हणून परभणीला काचेत ठेवलाय. फुफ्फुसं कायमची कमजोर राहतील का?

बहुतेक बाळांची राहत नाहीत. ही धाप बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत उतरते. मी मराठवाड्यातच नवजात कक्षात परिचारिका आहे, अशी बाळं नेहमी पाहते. पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की ते शोषलं जाऊ लागतं. कळांआधीच सिझेरियन झालं तर जास्त मागे राहतं. शिवाय फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारा सर्फॅक्टंट या वयात काही बाळांत कमी पडतो, म्हणून नाकाला सीपॅप, म्हणजे सतत हलक्या दाबानं हवा देणारं मशीन, लावतात. ते मशीन बघून धीर सोडू नका, श्वास बाळ स्वतःच घेत असतं.

मात्र पहिली काही वर्षं सर्दीत छाती घरघरण्याचं प्रमाण अशा मुलांत पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा जास्त असतं. म्हणून कळकळीनं सांगते: घरी नेल्यावर अंघोळीनंतरची ओवा-वावडिंगाची धुरी अजिबात देऊ नका, चूल आणि विडीचा धूरही लांब ठेवा. आणि यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा:

- शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास
- बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं
- ओठ निळे, दूध न ओढणं