'रद्द', 'रद्दबातल' आणि 'शून्यवत'

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: "शेताच्या जुन्या निकालाला आमचे वकील 'शून्यवत' म्हणतात. म्हणजे तो रद्द झाला, असंच ना?"

नाही. शून्यवत म्हणजे कायद्याच्या नजरेत मुळात नसलेलाच; रद्द व्हायला आधी काहीतरी उभं असावं लागतं. समजा, शेजाऱ्याने तुमचा बैल परस्पर बाजारात नेला, इसार घेतला, विकून मोकळा झाला. गावातलं जुनं माणूस काय म्हणेल? "सौदा मोडला नोको म्हनू, बापू. सौदा झालाच नाही. ज्याचा बैलच नाही, तो इकन कसा?" ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नव्हता, त्याच्या हुकूमनाम्याचं, म्हणजे दाव्यातल्या अंतिम आदेशाचं, असंच. अर्थात गेलेला बैल दावणीला आणायला चार माणसं लागतातच, तसं निकाल शून्यवत असल्याचंही बहुधा कोर्टाकडूनच ठरवून घ्यावं लागतं.

'रद्दबातल' हा गमतीचा जोडशब्द. 'रद्द' म्हणजे परतवलेला, 'बातल' हे अरबी 'बातिल', म्हणजे खोटा, पोकळ. शून्यवतपणा खरा त्या 'बातल'मध्ये आहे, पण बोलताना आपण दोन्ही अर्धे एकाच दावणीला बांधतो. क्रियापदं पाहा: निकाल रद्द 'करतात', शून्यवत तो 'असतो'. 'शून्यनीय' आणखी वेगळा, तसा निकाल कुणी हरकत घेऊन पाडेपर्यंत चालतो.

खरा घोळ 'अधिकार' या शब्दात आहे. बरेच जण त्याला 'हद्द' म्हणतात, पोलीस ठाण्यासारखं. पण पुसदचा दावा दारव्ह्याला लागला, तर ती हरकत सुरुवातीलाच घ्यावी लागते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २१ तेच सांगतं. गप्प बसून दावा लढवला, तर केवळ हद्दीपायी निकाल शून्यवत होत नाही. याउलट शेतावरचा माणूस कूळ आहे की नाही, हे विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याने महसूल अधिकाऱ्यांकडे दिलंय. दिवाणी कोर्टाने ते स्वतःच ठरवलं, तर चूक हद्दीची नाही, अखत्याराची, म्हणजे तो विषय ठरवण्याच्या अधिकाराचीच. म्हणून मला 'अखत्यार' आवडतो. वऱ्हाडात सरळ म्हणतात, "त्या कोर्टाले पावरच नोयती."

१९५४ साली किरण सिंग विरुद्ध चमन पासवान या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बिनअखत्यारी हुकूमनाम्याची पोकळी केव्हाही दाखवता येते, अगदी दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या वेळीसुद्धा. हे वाक्य वकील येताजाता ऐकवतात. पण त्या खटल्यात तो मुद्दा मांडणारे हरले! दाव्याची किंमत त्यांनीच २,९५० रुपये लावली होती, ती पुढे ९,९८० निघाली. अपील कोणत्या कोर्टात जायचं ते किमतीवर ठरायचं, तेव्हा 'अपील चुकीच्या कोर्टात चाललं' म्हणत ते उभे राहिले. नुसत्या किमतीच्या चुकीने निकाल पडत नाही, असं उत्तर मिळालं.

तेव्हा वकिलांना एवढं विचारा: हद्द चुकली होती, किंमत चुकली होती, की अखत्यारच नव्हता? पहिल्या दोन्हींत 'शून्यवत' लिहू नका.