केसपेपरवर ‘१०/१२’, डिस्चार्ज कार्डावर ‘१०-१२ वर्षे’

प्रश्न : नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात वडिलांची बायपास झाली. आरोग्य विम्याची पॉलिसी जून २०२२ पासूनची आहे. मधुमेह पहिल्यांदा निघाला तो जानेवारी २०२५ मध्ये. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘मधुमेह १०-१२ वर्षांपासून’ असे छापले गेले आणि जुना आजार लपवला म्हणून कंपनीने ३ लाख ८० हजारांचा दावा फेटाळला. भरतीच्या पहिल्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यावर हाताने ‘डीएम (म्हणजे मधुमेह) १०/१२’ लिहिलेय. रुग्णालय म्हणते, इनडोअर पेपर (भरती असतानाचे केसपेपर) देत नाही, कॉम्प्युटरमधली नोंद आता बदलता येत नाही. हवे तर जुन्याच तारखेचे नवे कार्ड छापून देतो. घ्यावे का?

उत्तर : ते नवे कार्ड अजिबात घेऊ नका. पहिले कार्ड कंपनीच्या फायलीत आहे. त्याच तारखेचे दुसरे कार्ड पुढे आले की खरे काय याची चर्चाच संपते आणि कागद बनवल्याचा ठपका तुमच्यावर येतो. तुमची बाजू खरी आहे, ती खोट्या कागदावर उभी करू नका.

तुमचा खरा पुरावा त्या फोटोत आहे. डॉक्टर आजाराचा काळ अपूर्णांकात लिहितात : ३/७ म्हणजे तीन दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे, १०/१२ म्हणजे दहा महिने. जानेवारी ते नोव्हेंबर, दहाच महिने होतात. कार्ड टाइप करणाऱ्याने तिरकी रेघ आडवी वाचली आणि पुढे ‘वर्षे’ लावले. अशी चूक मग एका पानावर राहत नाही. कार्डावरून ती क्लेम फॉर्मवर जाते, तिथून कंपनीच्या नोंदीत, आणि दावा तपासणारा बहुतेकदा मूळ केसपेपर उघडतच नाही.

म्हणून आधी पूर्ण केसपेपर मिळवा. अर्ज वडिलांच्या सहीने करा, तुमच्या नावे अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे जोडा, आयपीडी क्रमांक (भरती रुग्णाचा नोंदणी क्रमांक) लिहा. ‘सर्व कागद’ असे मोघम लिहू नका, नावे घाला : भरतीची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, सर्व रिपोर्ट, कॅशलेससाठी पाठवलेला फॉर्म आणि कंपनीच्या शंकांना दिलेली उत्तरे. भूलतज्ज्ञाची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी विसरू नका. भूलतज्ज्ञ रुग्णाला स्वतः पुन्हा विचारतात. तिथेही दहा महिनेच लिहिले असतील, तर एकाच फायलीत दोन स्वतंत्र नोंदी तुमच्या बाजूने होतात. प्रत्येक पानावर रुग्णालयाचा शिक्का मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टने पाठवा.

‘देत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. (२०२३ ची नवी नियमावली स्थगित आहे, त्यामुळे हीच लागू.) मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये हा हक्क मान्य केला आहे. झेरॉक्सचा खर्च मात्र तुम्ही द्यायचा. तरीही टाळाटाळ झाली तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि रुग्णालयाविरुद्ध त्याची नोंदणी करणाऱ्या स्थानिक आरोग्य प्राधिकाऱ्याकडे तक्रार करा.

आता दुरुस्ती. मूळ नोंद बदलता येत नाही हे रुग्णालयाचे म्हणणे बरोबर आहे, बदलूही नये. पण पुरवणी नोंद करता येते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आजच्या तारखेने लेटरहेडवर लिहून द्यावे : भरतीच्या अमुक पानावर ‘१०/१२’ म्हणजे दहा महिने अशी नोंद आहे, डिस्चार्ज कार्डावर ते वर्षे म्हणून चुकून टाइप झाले. खाली सही, वेळ, नोंदणी क्रमांक. हीच पुरवणी कॉम्प्युटरमध्येही चढवायला सांगा.

नुसत्या या पत्राला कंपनी ‘नंतर सुचलेले’ म्हणेल. त्याला जोड द्या ती जुन्या कागदांची : पॉलिसीआधीच्या एखाद्या तपासणीतली साखर, जानेवारी २०२५ चा पहिला एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) रिपोर्ट, मधुमेहाच्या गोळीची पहिली चिठ्ठी, औषध दुकानाची बिले. आजार लपवला हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे. कंपनी कार्डावरच्या ज्या एका ओळीवर विसंबली, ती ओळ रुग्णालयाच्याच मूळ केसपेपरशी जुळत नाही, एवढे तुम्हाला दाखवायचे आहे.

हे सारे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा नकारच आला, तर विमा लोकपालाच्या पुणे कार्यालयात जा. शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे, पण तिथे तक्रार दाखल केलीत की लोकपाल तेच प्रकरण घेणार नाही. तुमच्या बाबतीत मी आधी लोकपालाकडे जाईन. प्रकरण सगळे कागदांवरचे आहे, साक्षीदारांची उलटतपासणी लागेल असे त्यात काही दिसत नाही.

या काळात पॉलिसीचा हप्ता चुकवू नका. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, आजार सांगितला नाही या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. तुमचे ६० महिने जून २०२७ मध्ये भरतात.