रेसिंगमध्ये यायचंय? आधी कार्टमध्ये बस

कार रेसर व्हायचंय म्हणतोस आणि तू वाशीचा, त्यामुळे पहिलीच गोष्ट पाम बीच रोडची. रात्री रिकामा दिसला तरी तो ट्रॅक नाही. तिथे गाडी पळवून वेग अंगात भिनतो, पण रेसिंग येत नाही, आणि जीव जातो तो दुसऱ्याचाही. घोडबंदर रोडचंही तेच.

सुरुवात कार्टिंगपासून कर, म्हणजे छोट्या, उघड्या, एकाच माणसाच्या गाडीपासून. मॉलमधल्या भाड्याच्या कार्टवर हौस भागेल, पण शिकायला रेसिंग कार्ट हवी. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, सकाळी निघालास तर संध्याकाळपर्यंत पोचून दुसऱ्या दिवशी सराव होतो. पुढे एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचं लायसन्स काढावं लागतं; त्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही. मग एलजीबी फॉर्म्युला ४, ही एकाच सीटच्या रेसिंग गाड्यांची सुरुवातीची स्पर्धा; त्यासाठी कोइम्बतूरचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. दोन्ही तामिळनाडूत, म्हणून प्रवासखर्च आधीच धर.

वेग ब्रेकिंगमध्ये असतो. कुठे ब्रेक दाबायचा यापेक्षा तो हळूहळू कसा सोडायचा, हे शिकायला फार वेळ लागतो. त्यावरच वळणाच्या आत गाडीचं नाक वळतं. प्रत्येक सेशननंतर डेटा बघ, म्हणजे गाडीत नोंदलेला वेग आणि ब्रेक, तुझ्यापेक्षा वेगवान पोराच्या आलेखाशी ताडून बघ. वळणावर मानेवर जोर येतो, म्हणून तिचा व्यायाम आजच सुरू कर.

पैशांचं आईबाबांशी स्पष्ट बोल. टायर, एंट्री फी, मेकॅनिक, सगळं मोजून. पहिला भारतीय फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये तिथे पोचला तेव्हाही प्रायोजक लागलेच होते. शिक्षण सोडू नकोस. इंजिनिअरिंग केलंस तर टीममध्ये डेटा इंजिनिअर म्हणूनही जागा मिळते, आणि ते कामही तितकंच रेसिंग आहे.