पुण्याहून शाळेच्या बॅचच्या गेट-टुगेदरसाठी डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच नागपूरला जायचं आहे. शहराची काहीच माहिती नाही. आधी काय काय पाहून ठेवावं?

प्रेक्षणीय स्थळांची यादी शोधत बसू नका, आधी तारीख तपासा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी आणि वर्धा रोडवरची हॉटेलं भरलेली असतात. मोर्चे यशवंत स्टेडियमकडून विधानभवनाच्या दिशेने निघतात, त्यामुळे ऐन दुपारी मधले रस्ते बंद होऊ शकतात. तुमचा शनिवार-रविवार अधिवेशनाच्या लगत असेल तर खोली आजच घ्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, म्हणून पुढच्या वर्षी कोणी ती तारीख सुचवली तर तेव्हाही हाच विचार करा.

मग संयोजकांकडून हॉलचं नुसतं नाव नाही, तर लोकेशन आणि जवळचा चौक मागून घ्या. नागपुरात पत्ता चौकावरून सांगतात: व्हेरायटी चौक, शंकरनगर चौक, लॉ कॉलेज चौक. सीताबर्डीला सगळे बर्डी म्हणतात. नवख्याची फसगत होते ती सारख्या नावांत. वर्धमाननगर पूर्वेला आहे आणि वर्धा रोड दक्षिणेला जातो. ग्रुपवर कोणी घाईत नुसतं 'वर्धा' लिहिलं तर पुन्हा विचारा.

शहराचा नकाशा डोक्यात बसवायला मेट्रो पुरते. ऑरेंज मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत उत्तर-दक्षिण जाते, ॲक्वा मार्गिका प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत पूर्व-पश्चिम. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. नकाशावर या दोन रेघांवर हॉल, हॉटेल आणि तुमचं उतरायचं ठिकाण अशा तीन खुणा करा, म्हणजे कुठे राहायचं ते आपोआप कळेल. हॉल कुठल्याही टोकाला असला तरी मला धंतोली, रामदासपेठ किंवा धरमपेठ भागात राहणं सोयीचं वाटतं. जेवायला भरपूर पर्याय आहेत आणि बर्डीही जवळ. जुनं शहर बघायची आवड असेल तर महाल-इतवारी पाहा, पण तिथे गल्ल्या अरुंद आहेत, गाडी लावायला जागा मिळत नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पुण्याच्या गाड्या लवकर भरतात. तिकिटावर शेवटचं स्टेशन नागपूर आहे की अजनी, हे नक्की वाचा. अजनी शहराच्या दक्षिण भागात आहे. घ्यायला येणारा मित्र मुख्य स्टेशनवर थांबला आणि तुम्ही अजनीला उतरलात, असं सहज होतं. विमानाने येणार असाल तर एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान जड असेल तर थेट टॅक्सी करा.

नागपूरचे समारंभ बरेचदा लॉनवर, म्हणजे उघड्या आकाशाखाली होतात. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो, पुण्याचं पातळ जॅकेट पुरत नाही. स्वेटर, कानटोपी, पायमोजे घ्या. त्यातही लॉन बहुतेक काटोल रोड, कोराडी रोड किंवा वर्धा रोडला, गावाबाहेर. कार्यक्रम लांबला तर शेवटची मेट्रो निघून गेलेली असते आणि त्या भागात रात्री रिक्षा सहजी मिळत नाही. परतायची गाडी कोणाची, त्यात कितीजण, हे जाण्याआधीच ग्रुपवर ठरवा. नागपुरातच राहणारा वर्गमित्र असेल तर त्याला 'काय बघू?' विचारण्यापेक्षा 'रात्री साडेअकराला तिथून हॉटेलवर कसं जायचं?' असं विचारा.

खाण्यात सकाळी तर्री पोहे घ्याच, चण्याचा झणझणीत रस्सा वर ओततात. सावजी जेवण तिखट आणि तेलकट असतं, सवय नसेल तर ते निघायच्या आदल्या रात्री टाळा. रविवारी सकाळ मोकळी असेल तर दीक्षाभूमी पाहा, डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेतली ती जागा. अर्धा दिवस असेल तर सुमारे ५० किलोमीटरवरचं रामटेक. ताडोबा त्याच दोन दिवसांत कोंबू नका, सफारीचं बुकिंग आधीच करावं लागतं आणि जाण्या-येण्यातच दिवस जातो.