डोकं दुखतंय तर थेट न्यूरोकडेच का नको?

प्रश्न: महिनाभर डोकं दुखतंय. घरचे म्हणतात आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखव. दाखवलं, तर त्यांनी बीपी बघितलं, दोन गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांनी या म्हणाले. शेवटी मेंदूच्या स्पेशालिस्टकडे, न्यूरोकडेच जायचंय तर मधे हा थांबा कशाला?

उत्तर: "शेवटी जायचंच आहे" इथेच तर गोची आहे, बहुतेकांना जावंच लागत नाही हो! 1961 साली केर व्हाइट या डॉक्टर-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला होता, हजार मोठ्या माणसांपैकी महिन्याभरात 750 जणांना काही ना काही दुखतंखुपतं, 250 डॉक्टरकडे जातात, 9 अ‍ॅडमिट होतात आणि मोठ्या टीचिंग हॉस्पिटलात पोचतो फक्त 1. 2001 मधे अमेरिकेत परत मोजलं तेव्हाही चित्र जवळपास तेच निघालं.

म्हणजे न्यूरोकडे येणारी डोकी आधीच चाळणीतून आलेली असतात, जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, सगळीच येतात, झोप नाही, चष्म्याचा नंबर, टेन्शन, ताप, काहीही. तिथे सरसकट स्कॅन काढत बसलं तर आजार कमी आणि निरुपद्रवी ठिपकेच जास्त सापडतात, आणि मग त्या ठिपक्याच्या मागे धावायचं.

"आठ दिवसांनी या" ही पण एक टेस्टच आहे, काळच सांगतो दुखणं कुठे चाललंय ते. तुम्हाला महिन्यातून किती दिवस पेनकिलर घेता असं विचारलं का त्यांनी? महिन्यात दहा-पंधरा दिवस असं काही महिने चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. हा प्रश्न न विचारता गोळ्या लिहून दिल्या असतील तर तुमची तक्रार रास्त आहे, मी पण चिडले असते.

मात्र एका क्षणात आलेली भयंकर डोकेदुखी, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, तापासोबत मान आखडणं, यातलं काही असेल तर जीपी पण नको, थेट इमर्जन्सीत जा.

आणि डॉक्टर सारखे बदलू नका. नॉर्वेच्या एका अभ्यासात, 2022 मधे छापून आलेल्या, 15 वर्षांहून जास्त एकाच जीपीकडे असलेल्यांमधे अचानक अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण, वर्षभरच ओळख असलेल्यांपेक्षा 28 टक्के कमी दिसलं. यातलं सगळं श्रेय डॉक्टरचंच असं नाही म्हणता येणार, पण तुमचं जुनं बीपी, आईची मायग्रेन, मागच्या वर्षीची अ‍ॅलर्जी ज्याला तोंडपाठ आहे त्याने रेफरलची चिठ्ठी लिहिली तर स्पेशालिस्टला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आठ दिवसांनी जाल तेव्हा डोकं कधी दुखलं, किती वेळ, कुठली गोळी घेतली हे कागदावर लिहून न्या.